घसाऱ्याचा रकाना

आमच्या माइनिंगच्या, म्हणजे संगणकांवर आभासी चलन मिळवायच्या धंद्याचं पहिलं वाटप केलं ते २०१८ च्या फेब्रुवारीत, पहिल्याच आठवड्यात. जानेवारीचा हिशेब होता, ५०,००० च्या एका शेअरमागे ६,७०० रुपये. एकोणीस जणांचे मिळून तीस शेअर. रात्री अकरापर्यंत बसून एकेकाच्या खात्यात पैसे पाठवत होतो. पलीकडून फोन यायचा, "आले रे!" आणि माझी छाती भरून यायची. मी नोकरी करणारा माणूस. माझ्या शब्दावर कुणी पैसे लावलेत आणि मी ते वाढवून परत देतोय, हा अनुभव आयुष्यात पहिल्यांदाच घेत होतो.

सकाळी हिशेबाची वही आण्णांपुढे ठेवली. आण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या अकाउंट खात्यात त्यांची उभी हयात गेली. वरून खाली बोट फिरवत त्यांनी पान वाचलं, मग परत वर गेले.

"वीज धरलीस. भाडं धरलंस. पूलची कपात धरलीस. घसारा कुठाय?"

"यंत्रं नवीकोरी आहेत की आण्णा."

"नव्यालाच जास्त असतो," ते म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली.

पुढच्या महिन्यापासून धरू, असं मी म्हणालो. तो पुढचा महिना कधी आलाच नाही. घसारा म्हणजे यंत्र जुनं होत जातं तशी त्याची उतरत जाणारी किंमत. हा लेख त्या एका रिकाम्या रकान्याबद्दल आहे.

सुरुवात २०१७ च्या दिवाळीत झाली. बिटकॉईनचा भाव रोज वर्तमानपत्रात येत होता, डिसेंबरात तो वीस हजार डॉलरच्या उंबऱ्यापर्यंत गेला. आम्ही तिघं इंजिनिअरिंगचे मित्र. दोघं सांगलीतच, एक पुण्यात. बिटकॉईनचं माइनिंग तोवर आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर गेलं होतं. २०१३ पासून त्यासाठी खास एकाच कामाच्या चिप निघाल्या होत्या, त्यांच्यापुढे साध्या संगणकाचा टिकाव लागत नव्हता. इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाच्या जाळ्याची रीत मात्र मुद्दाम वेगळी ठेवलेली होती. तिथल्या गणिताला वेगापेक्षा मेमरी जास्त लागे, त्यामुळे गेम खेळायची ग्राफिक कार्डं तिथे चालायची. एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड, थोडी मेमरीची छेडछाड केली की सेकंदाला जवळजवळ तीन कोटी वेळा अंदाज बांधायचं. माइनिंग म्हणजे शेवटी तेवढंच आहे. जगभरची लाखो कार्डं एकाच कुलपाला किल्ल्या लावून बघत असतात. ज्याची लागेल त्याला बक्षीस. एकट्याला कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळे पूलमध्ये, म्हणजे गट करून काम करतात आणि ज्याने जितके अंदाज बांधले त्या प्रमाणात वाटून घेतात.

तिघांच्या पैशात सहा-सात कार्डं आली असती. गाळा घ्यायचा, थ्री फेज घ्यायची, तर तेवढ्यावर भागत नाही. मग शेअर काढायचं ठरलं. हे आमच्याकडे सुचायला फार लांब जावं लागत नाही. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला भागभांडवल हा शब्द आईच्या दुधाबरोबर मिळतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून कारखाना उभा केला, १९५० मध्ये त्याचं गाळप सुरू झालं. त्यानंतर आमच्या भागातल्या घराघरात शेअरचा दाखला ट्रंकेत असतो. एकेकट्याच्या ऐपतीबाहेरचं यंत्र सगळ्यांनी मिळून घ्यायचं, हे आम्हाला नवीन नव्हतं.

सीएंनी एक गोष्ट बजावून सांगितली, अनोळखी माणसाकडून एक रुपया घ्यायचा नाही. रीतसर भागीदारी पत्र करा, प्रत्येकाची सही घ्या, परताव्याचा आकडा कुठेही लिहू नका. तसंच केलं. मित्र, मेहुणे, शेजारी, आणि मला चौथीला शिकवलेल्या बाई. बाईंनी निवृत्तीच्या पैशातून एक शेअर घेतला. मी नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "तू हिशेब ठेवणार आहेस ना? मग झालं."

पंधरा लाख जमले. कुपवाडच्या एमआयडीसीत गाळा घेतला. छत्तीस कार्डं, एकेक २६,००० ला, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईची किती दुकानं पालथी घातली! त्या हिवाळ्यात जगभर कार्डांचा दुष्काळ होता. अँगलपट्टीचे सहा सांगाडे वेल्डिंग करून घेतले, एकेका सांगाड्यावर सहा कार्डं, एक मदरबोर्ड, साधा सेलेरॉन प्रोसेसर, पॉवर सप्लाय आणि कार्डांना बोर्डाशी जोडणारे राइझर. ज्या रात्री सगळं चालू केलं त्या रात्रीचा आवाज अजून कानात आहे. शंभरावर पंखे एका सुरात. आम्ही तिघं खुर्च्या टाकून नुसते ऐकत बसलो होतो. पडद्यावर पहिला स्वीकारलेला शेअर हिरव्या अक्षरात उमटला (पूलच्या भाषेत बरोबर निघालेल्या अंदाजालाही शेअरच म्हणतात), तेव्हा पुण्याहून आलेल्या मित्राने टाळी दिली. हात गार पडले होते त्याचे.

सगळा मिळून पाच किलोवॉट भार. पाच किलोवॉट म्हणजे दिवसाला १२० युनिट, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. पाच खोल्यांचे हीटर एका गाळ्यात रात्रंदिवस लावून ठेवल्यासारखं. जानेवारीत ते सुखाचं वाटलं. मार्चच्या शेवटी सांगलीचा पारा चढायला लागला तशी कार्डं ऐंशी अंशांच्या वर जाऊ लागली. एका भिंतीला चार एक्झॉस्ट, समोरच्या भिंतीला जाळी. आता जाळीतून हवा येणार म्हणजे धूळ येणार. शेजारच्या गाळ्यात हळद पॉलिश करायचे. आठवड्याभरात कार्डांच्या पंख्यांवर पिवळा थर बसायचा. ती बारीक भुकटी बेअरिंगमध्ये शिरली की पंखा आधी कुरकुरायचा, मग थांबायचा. दर रविवारी ब्लोअर आणि रंगाचा ब्रश घेऊन मी छत्तीसच्या छत्तीस कार्डं साफ करायचो. घरी आलो की आई म्हणायची, कुठल्या भंडाऱ्याला जाऊन आलास.

आग लागायची राहिली तो प्रसंगही इथे सांगितला पाहिजे, कारण ती चूक माझी होती. राइझरला वीज देण्यासाठी मी स्वस्तातल्या साटा जोडण्या वापरल्या होत्या. साटाचा कनेक्टर हार्ड डिस्कसाठी असतो, तेवढा प्रवाह सतत ओढायला तो बनलेलाच नाही. मार्चमधल्या एका रात्री दोन वाजता एमआयडीसीच्या वॉचमनचा फोन आला, गाळ्यातून जळकट वास येतोय. मोटरसायकल काढून पोचलो तर तिसऱ्या सांगाड्यावरचे दोन कनेक्टर वितळून थेंब गळाले होते, खाली ठेवलेला पुठ्ठा काळा पडला होता. मेन पाडला. अंधारात उभा राहिलो तेव्हा पाय कापत होते. बाईंचे पैसे, मेहुण्याचे पैसे, आणि भिंतीपलीकडे कुणाची तरी पोत्यांची थप्पी. त्या आठवड्यात सगळं वायरिंग बदललं. महिनाअखेरीच्या पत्रात मी तो प्रसंग भागीदारांना जसाच्या तसा कळवला. कुणी रागावलं नाही. मार्चचं वाटप आलं होतं ना, शेअरमागे २,३००.

आता रकान्याकडे वळतो.

इथेरियमच्या जाळ्यात तेव्हा दिवसाला साधारण वीस हजार नवे इथर (इथेरियमचं नाणं) निघत होते. सगळ्या जगाला मिळून तेवढेच. कार्डं वाढली म्हणून एकही जास्त निघत नाही, गणित आपोआप अवघड होतं. २०१८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत जाळ्याची एकूण ताकद जवळजवळ दुप्पट झाली. आमची छत्तीस कार्डं तीच, पंखे तेच, वीजबिल तेच. पण जानेवारीत दिवसाला ०.१२ इथर मिळायचे ते ऑगस्टमध्ये ०.०७ वर आले. उसाच्या गाळपात उतारा घसरला तर ऊस बघता येतो, पाणी बघता येतं, तोडणीला उशीर झाला का ते बघता येतं. इथे आपल्या यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं. सातासमुद्रापार कुणीतरी शेड भरून कार्डं लावतो आणि त्याच क्षणी कुपवाडमधलं आपलं कार्ड तितकं म्हातारं होतं. वर भाव. जानेवारीच्या मध्याला इथर १,४०० डॉलरला गेला होता, एप्रिलच्या सुरुवातीला चारशेच्या खाली आला.

तरीही वाटप चालू होतं. फेब्रुवारी ३,८००. मार्च २,३००. एप्रिल १,२००. मे महिन्यात भाव सावरला, २,६००. जून १,५००. आकडा कमी झाला की लोक हळहळायचे, पण आकडा होता. खात्यात पैसे येतायत म्हणजे धंदा फायद्यात आहे, असं सगळे धरून चालले होते. मीही.

त्या काळात रात्री गाळ्यावर बसून मी असिकमायनरची जुनी हकीकत वाचून काढली होती. चीनमधल्या शेनझेनचा हा माइनिंगचा उद्योग. चालवणारा इंटरनेटवर फ्रीडकॅट या नावाने वावरायचा. २०१२ मध्ये त्याने चार लाख शेअरची रचना करून ०.१ बिटकॉईनला एक, असे शेअर विकले आणि त्या पैशातून बिटकॉईनसाठीची खास चिप बनवून घेतली. ज्या ऑनलाइन बाजारात शेअर विकले तो बाजार त्याच वर्षी ऑक्टोबरात बंद पडला. तरी त्याने भागधारकांच्या नोंदी जुळवल्या आणि २०१३ मध्ये यंत्रं चालू झाल्यावर दर आठवड्याला बिटकॉईनमध्ये लाभांश वाटला. मला हे वाचताना भरून आलं होतं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं आणि हिशेब पोचतोय! शेअरचा भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढला. लोकांनी आठवड्याच्या लाभांशाला बावन्नने गुणलं आणि त्यावर किंमत ठरवली. पण चिप जुनी होत होती, इतरांच्या नव्या चिप येत होत्या, आणि लाभांश आटत गेला. काही वर्षांत तो उद्योग संपला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्यातला प्रामाणिकपणा पाहिला. बावन्नने गुणण्यातली चूक मला तेव्हा दिसली नाही. दिसायला हवी होती, कारण मीही बाराने गुणत होतो.

एप्रिल २०१८ आमच्यासाठी दोन्हीकडून वाईट ठरला. ६ तारखेला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. बँकांनी आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा द्यायची नाही, तीन महिन्यांत संबंध संपवायचे. म्हणजे जुलैपासून इथर विकून खात्यात रुपये आणायचा सरळ रस्ता बंद. (सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं ४ मार्च २०२० ला. तोवर आमचा गाळा रिकामा होऊन वर्ष उलटलं होतं.) आणि त्याच एप्रिलमध्ये माइनिंगच्या नावाखाली दरमहा १० टक्के, अठरा महिने, असं सांगून हजारो लोकांना बुडवणाऱ्या योजनेच्या सूत्रधाराला पुणे पोलिसांनी अटक केली. मेहुण्याच्या घरी कुणीतरी विचारलं, तुझंही तसलंच ना? आमचा पहिला महिना तर १३ टक्क्यांचा होता. मी भागीदारांना गाळ्यावर बोलावलं, कार्डं मोजून दाखवली, मीटर दाखवला, पूलच्या खात्यातल्या नोंदी दाखवल्या. सगळं खरं होतं. लोक समाधानाने परत गेले. त्या दिवशी दाखवायचं राहून गेलं ते एवढंच, की हातात पडणाऱ्या रुपयातले किती त्यांचे स्वतःचेच होते.

हे मी नंतर मांडलं. यंत्रांचं आयुष्य अठरा महिने धरा, शेवटी मोडीत दीड लाख येतील असं धरा, तर महिन्याला ७५,००० घसारा. शेअरमागे २,५००. आता वाटपाचे आकडे परत वाचा. जानेवारीच्या ६,७०० मधला खरा नफा ४,२००. फेब्रुवारीचा १,३००. मार्चमध्ये आम्ही तोट्यात गेलो होतो. मे महिना तेवढा काठावर सुटला, शंभर रुपयांनी. बाकी एप्रिल, जून, जुलै, ऑगस्ट, प्रत्येक महिन्यात मी लोकांना त्यांच्याच मुद्दलाचा तुकडा काढून देत होतो आणि त्याला नफा म्हणत होतो. खोटं बोलायचा हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण पत्रात शब्द नफाच होता.

घसारा धरला असता तर कार्डं तरुण राहिली नसती, हे कळतं मला. पण एप्रिलमध्ये वापरलेल्या कार्डाला अजून २०,००० देणारे गिऱ्हाईक होते. एप्रिलअखेर सगळं विकलं असतं तर वाटप धरून शेअरमागे अडतीस हजारांच्या वर हातात आले असते. रकाना लाल दिसला असता तर निदान सभेत विषय तरी निघाला असता. आम्ही सप्टेंबरपासून वीजबिलापुरतं कमवत राहिलो. नोव्हेंबरात भाव कोसळला. डिसेंबरच्या मध्याला इथर ८५ डॉलरच्या आसपास आला तेव्हा दिवसाची वीज ९६० रुपयांची आणि कमाई ७०० ची. तोवर जगभरच्या लोकांनी आपापली कार्डं बंद करून आमचा वाटा थोडा वाढला होता, तरी एवढीच. मी एकेक सांगाडा बंद केला. शेवटचा पंखा थांबल्यावर शेजारच्या हळदीच्या ड्रमची घरघर ऐकू आली. वर्षभर ती तिथेच होती.

कार्डं ८,५०० प्रमाणे गेली. थकलेलं भाडं आणि बिलं भागवून शेअरमागे १०,००० आले. आधीचं वाटप धरून ५०,००० चे २९,८५०.

शेवटची सभा आमच्या घरी झाली. आईने भडंग आणि चहा केला होता. मी दोन पानं वाटली, एक जसं वाटप झालं तसं, दुसरं घसाऱ्यासह, महिन्यावार. आण्णा कोपऱ्यात बसले होते, एक अक्षर बोलले नाहीत. बरेच जण पहिलंच पान बघून उठले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, चालायचंच, तू काय खाल्लं नाहीस. बाईंनी दुसरं पान वाचलं. बोट ठेवून, ओळ न ओळ. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे मला एप्रिलमध्ये दाखवलं असतंस, तर मी म्हटलं असतं, विका."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चौथीत गणित चुकलं की अशाच बोलायच्या.

२०२१ च्या नोव्हेंबरात इथर ४,८०० डॉलरपर्यंत गेला आणि दोघा-तिघांचे फोन आले, विकले नसते तर? मी त्या प्रश्नाला वेळ देत नाही. इथर साठवायचे होते तर थेट विकत घेता आले असते, त्यासाठी पाच किलोवॉट जाळायची गरज नव्हती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने माइनिंगच बंद केलं, जाळं दुसऱ्या पद्धतीवर गेलं आणि जगभरची असली सगळी कार्डं त्या जाळ्यापुरती एका दिवसात बिनकामाची झाली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतली कोअर सायंटिफिक ही माइनिंगमधली मोठी कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. तिचे शेअर शेअरबाजारात खुले होते, तिमाहीचे अहवाल छापले जात होते. ती बातमी मी दोनदा वाचली.

परवा भाचा आला होता. एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पावर तो शिफ्ट इंजिनिअर आहे. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालणारी टर्बाइन, गाळपाच्या दिवसांत वीज जास्त, विकताना दर कमी. त्याच्या डोक्यात शिरलंय, तिथेच शेडमध्ये बिटकॉईनची यंत्रं लावायची, सभासदांकडून शेअर घ्यायचे. डोळ्यांत तीच चमक, जी दिवाळीत माझ्या डोळ्यांत होती. त्याला गप्प करावंसं वाटलं नाही. वही काढली.

बिटकॉईनचं बक्षीस २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निम्मं झालंय, ब्लॉकमागे, म्हणजे उघडलेल्या एकेका कुलपामागे ३.१२५ बिटकॉईन. सव्वातीन किलोवॉटचं एक यंत्र दिवसाला ७८ युनिट खातं. बाहेरच्या दराने वीज घेतली तर कमाई विजेलाच पुरत नाही. कारखान्याच्या दराने पुरते. त्याने कर धरला नव्हता, तो मी लिहायला लावला. २०२२ पासून उत्पन्नावर सरळ ३० टक्के, आणि यंत्रांचा खर्च आभासी मालमत्तेच्या खरेदी किमतीत धरता येत नाही, हे सरकारने लोकसभेत सांगितलंय. म्हणजे घसारा आपल्या वहीत धरायचा, करात तो मिळणार नाही. त्याने तेही लिहिलं.

मग मी शेवटचा रकाना आखला. "यंत्र किती महिने चालवणार?"

"गाळप पाच महिने, मामा. नोव्हेंबर ते मार्च."

"आणि घसारा किती महिन्यांचा धरायचा?"

त्याने पाच लिहिलं. आण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दारातल्या खुर्चीवरूनच त्यांनी मान हलवली. यंत्र बंद असलं म्हणून बाहेरची नवी यंत्रं यायची थांबत नाहीत. भाच्याने पाच खोडून बारा लिहिलं आणि पेन तसंच धरून बसला.

"मग हे सात महिने कशातून भरायचे?"